कुलूपकाका आत नाहीत

बिस्किटांच्या कारखान्यात मैदा मळायचं एक यंत्र होतं, चांगलं खोलीएवढं. ते आत शिरून खरवडावं लागे. त्याचा नियम साधा होता: आत जाणाऱ्या प्रत्येकाने स्विचच्या पेटीवर आपापलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. एक जरी कुलूप लटकत असेल, तरी यंत्र सुरू होत नाही.

फिटर कुलूपकाकांच्या हे इतकं अंगात भिनलं होतं की घरी पंखा पुसायचा तरी ते मेन स्विचला कुलूप ठोकत आणि काकू अंधारात चाचपडत बसत. लोक हसत. हसोत बापडे. काकांचा जोडीदार याच यंत्रात असताना कुणीतरी बटण दाबलं होतं, आणि त्याला बाहेर काकांनी काढलं होतं. तेव्हापासून कुणी हसलेलं त्यांना चालायचं, विसरलेलं चालायचं नाही.

आणि विसरले कोण, तर स्वतः काका. निवृत्तीच्या सत्काराच्या गडबडीत कुलूप तसंच लटकत ठेवून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर दारात. किल्लीसाठी घर उलटंपालटं केलं, पण तिचा पत्ता नाही. काकू शांतपणे म्हणाल्या, "कालच्या पँटच्या खिशाला भोक आहे. महिनाभर सांगतेय."

मॅनेजरांनी फॉर्म पुढे केला. कुलूप तोडायचं तर कुलूपवाला यंत्रात नाही, असं कुलूपवाल्यानेच लिहून द्यायला हवं होतं. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मी आत नाही." पुढच्या ओळीवर मात्र ते अडले. तिथे छापलेलं होतं, "आत कोणीही नसल्याचे प्रत्यक्ष पाहिले."

"हे मी कसं लिहू, साहेब?"

"अहो, कुलूप तुमचं, तुम्ही इथे. मग आत कोण असणार?"

"ते बघितल्यावर कळेल."

"तिकडे माणूस कटर घेऊन उभा आहे. तुमची सही झाली की मी फोन करतो, तो कुलूप तोडतो आणि बटण दाबतो. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम म्हटलं की काकांचं डोकं फिरायचं. ते चपला घालून निघालेच.

गेटवर वॉचमनने अडवलं. काका आता कामगार नव्हते, पाहुणे होते, आणि पाहुण्यांना आधी सुरक्षेची फिल्म दाखवायचा नियम. फिल्ममध्ये काकाच होते, पंधरा वर्षांनी तरुण. मॅनेजर दात-ओठ खात बसले. काकांनी फिल्म मन लावून पाहिली, आणि पडद्यावरच्या काकांनी "समजलं ना?" असं विचारल्यावर मान डोलावली.

मग त्यांनी यंत्राचं झाकण उचलून बॅटरी मारली. आत सफाईवाल्या दोघी जावा गुडघ्यांवर बसून तळ खरवडत होत्या. धाकटी काहीतरी गुणगुणत होती.

काकांनी वळून पेटीकडे पाहिलं. पेटीवर कुलूप एकच होतं, त्यांचं, आणि कटरवाला कटरचं तोंड त्याला लावून मॅनेजरांच्या इशाऱ्याची वाट पाहत होता.

"तुमची कुलपं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कपाटात," थोरली आतून म्हणाली. "काका, तुमचं लटकलेलं दिसलं, म्हणून निर्धास्त आलो. तुमचं कुलूप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"असं कधीपासून करता?"

"पहिल्यापासून. सगळेच करतात. तुमचं असल्यावर आमचं कशाला?"

काका मटकन खाली बसले. एकतीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपण अख्ख्या कारखान्याला कुलूप लावायला शिकवलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग काका उठले. दोघींना बाहेर बोलावलं, कपाटातून कुलपं आणवली, त्यांच्याच हातांनी पेटीवर लावायला सांगितली आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्या खिशात गेलेल्या पाहिल्या. त्यानंतर कटरवाल्याच्या हातातलं कटर घेऊन दोघींच्या देखत स्वतःचं कुलूप तोडलं.

"माझं गेलं," ते म्हणाले. "आता जा आत."