बायको सोडून ओकादा-सान

मी माझ्या फुटबॉल संघात बायकोऐवजी बहात्तर वर्षांचे ओकादा-सान घेतले.

हे वाक्य मी आजवर तीन जणांना सांगितलंय आणि तिघांनीही एकच प्रश्न विचारला, "मग आता राहतोस कुठे?" तर राहतो तिथेच. टोकियोजवळच्या ग्योतोकु स्टेशनपासून सायकलने सात मिनिटं, तिसरा मजला, त्याच बायकोबरोबर. पण मधले पंधरा दिवस मी त्या घरात कसा राहिलो, ते माझं मला ठाऊक!

आम्ही इथले मराठी लोक हाडाचे क्रिकेटवाले. पण नदीकाठच्या मैदानावर बॅट आणायला बंदी आहे, तशी पाटीच आहे, आणि जपानात पाटी म्हणजे ब्रह्मवाक्य. म्हणून आमच्या मंडळाने वार्षिक फुटबॉल सामना सुरू केला. पहिल्या वर्षी तो आमचं ग्योतोकु विरुद्ध टोकियोतला कोतो वॉर्ड असा झाला. कोतोकडून सगळी बिनलग्नाची, पंचविशीतली पोरं आली. आमच्याकडून आम्ही आलो. नऊ-शून्य. त्यानंतर ठरलं, की सगळ्यांची नावं एकत्र करायची आणि दोन कॅप्टननी आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा. यालाच ड्राफ्ट म्हणतात, असं मंडळाला मीच समजावून सांगितलं. (स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची माझी जुनी सवय आहे.) निळ्या संघाचा कॅप्टन मी. पिवळ्या संघाचा कोतोचा निखिल राजवाडे. वय तीस, पोटाचा पत्ता नाही.

ड्राफ्टसाठी वॉर्डाचा हॉल घेतला होता. वेळ दोन ते चार. चार म्हणजे चारच, तेही टेबलं पुसून आणि खुर्च्या रचून. प्रत्येक संघात कॅप्टन धरून आठ, म्हणजे निवडीच्या सात फेऱ्या. मी आदल्या रविवारी सबंध दिवस घालवून लॅपटॉपवर तक्ता केला होता. नाव, वय, वेग, शेरा. खाली मोठ्या अक्षरांत 'संघाच्या उरलेल्या गरजा'. ऑफिसात इतकं मन लावून काम केलं असतं, तर एव्हाना मॅनेजर झालो असतो.

पहिल्या फेरीत मी एक उंच पोस्टडॉक घेतला. निखिलने एक चपळ पोरगा उचलला. दुसरी फेरी, तिसरी फेरी. चौथ्या फेरीला माझ्या पाठीमागच्या खुर्चीतून घसा खाकरल्याचा आवाज आला. ती मृणाल. माझी बायको. तिचंही नाव यादीत होतं. मी मागे वळून हसलो. 'काळजी करू नकोस, माझ्या डोक्यात सगळं आहे' अशा अर्थाचं ते हसू होतं. ते तसं पोचलं नाही, हे मला आज कळतं.

माझं डोकं असं चाललं होतं: मृणालला कोण घेणार? निखिल काही कॅप्टनच्या बायकोला हात लावणार नाही, एवढी रीतभात मराठी माणसाला असतेच. मग तिच्यावर लवकरची फेरी वाया का घालवा? ती घरचीच. तिला शेवटी घेऊ.

सहाव्या फेरीअखेर तक्त्याखाली एकच गरज उरली होती: गोलकीपर. आणि नावं उरली होती दोन. मृणाल आणि ओकादा-सान.

ओकादा-सान ('सान' म्हणजे आपलं 'राव') आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. सकाळी कचऱ्याच्या जाळीपाशी उभं राहून कोणी जाळायच्या कचऱ्यात बाटली टाकली का, ते पाहतात. मंडळ दर वर्षी एका शेजाऱ्याला खेळायला बोलावतं, तसं या वर्षी त्यांना. त्यांच्या दारात एक फोटो लावलेला आहे: कंपनीचा फुटबॉल संघ दोन रांगांत, आणि कडेला तरुण ओकादा-सान, दोन्ही हातांत हातमोजे! "चाळीस वर्षं क्लबात होतो," असं त्यांनी मला सांगितलं होतं. अख्ख्या हॉलमध्ये ही माहिती फक्त मला होती. घड्याळात तीन बावन्न. दारात हॉलच्या काकू झाडू घेऊन उभ्या.

"पराग, बोल लवकर!" निखिल म्हणाला.

"ओकादा-सान!" मी म्हणालो.

ओकादा-सान उठले आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला. माझ्या मागून काहीच आवाज आला नाही, आणि तो आवाज मला चांगला ओळखता येतो.

"म्हणजे... वहिनी माझ्या संघात?" निखिलने चाचरत विचारलं.

"छे! वहिनी आमच्याकडेच. ती काय, धरलेलीच होती."

"असा नियम नाहीये रे. तूच लिहिलेत नियम."

मागून मृणाल शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे निखिलचं. उरलेला माणूस दुसऱ्या संघात जातो. नियम चार."

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण मला वाटलं, गैरसमज होतोय, पुरावा द्यावा. "तू उरलेली नाहीस गं! माझ्या यादीत तुझं नाव पहिल्यापासून होतं. हे बघ!" असं म्हणून मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. भिंतभर तक्ता उमटला. नाव: मृणाल. शेरा: 'शेवटच्या फेरीत घेऊ. कुठे जात नाही. (पळतही नाही.)'

चौदा खेळाडू, त्यांची कुटुंबं आणि पुण्याहून महिन्याभरासाठी आलेल्या माझ्या सासूबाई, एवढ्या सगळ्यांनी तो शेरा वाचला. काहींनी तर मोठ्याने वाचला. हॉलच्या काकूंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही झाडू खाली टेकवला. आमची नऊ वर्षांची रेवा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पापा, दामे दायो." म्हणजे, हे काही बरं झालं नाही.

घरी आल्यावर मृणाल भांडली नाही. भांडली असती तर सोपं होतं. ती माझ्याशी फार चांगली वागायला लागली. "चहा हवाय का?" "नको." "बरं." संपलं! बारा वर्षांच्या संसारात आम्ही इतकं सभ्य कधीच बोललो नव्हतो. रोज सकाळी साडेपाचला ती बूट घालून नदीकाठी जायची आणि सातला घामाने चिंब होऊन यायची. पोरगी शाळेत, ती प्रयोगशाळेत, आणि घरात उरायचो घरून काम करणारा मी आणि सासूबाई.

"परागराव," तिसऱ्या दिवशी त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ते आजोबा पळतात का हो?"

"आई, गोलकीपरला पळावं लागत नाही."

"अस्सं. म्हणजे न पळणं हरकतीचं नव्हतं तर." आणि त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या.

मी निखिलला फोन केला. म्हटलं, अदलाबदल करू. मृणाल दे, माझा उंच पोस्टडॉक घे. निखिल म्हणाला, "मी देतो रे, पण वहिनींना विचारावं लागेल." तासाभराने उत्तर आलं: वहिनी म्हणतात, त्यांना पिवळा रंग शोभतो.

तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं. सामना गेला खड्ड्यात. ती हॉलमध्ये माझ्या पाठीमागे सात फेऱ्या बसली होती आणि प्रत्येक फेरीला तिला वाटलं असणार, आता माझं नाव घेईल. मी वळून हसलो होतो! पण हे तिला सांगायला तोंड उघडलं की ती विचारायची, "चहा हवाय का?"

सामन्याच्या दिवशी ओकादा-सान सगळ्यांच्या आधी तासभर मैदानावर हजर. हातात हातमोजे होतेच. पांढरे, सुती. बागकामाचे! एका हातात चिमटा, कमरेला प्लास्टिकची पिशवी. गोलच्या आसपासचा कचरा ते मन लावून वेचत होते.

माझं जपानी ऑफिसपुरतं, म्हणून रेवाला पुढे केलं. "आजोबांना विचार, क्लबात ते गोलकीपरच होते ना?"

रेवाने विचारलं. ओकादा-सान हसले, हात हलवले, बराच वेळ बोलले. रेवा म्हणाली, "नाही. ते ग्राउंड बघायचे. ग्रास कापायचे, लाइन मारायचे, कचरा उचलायचे. फॉर्टी इयर्स! ते म्हणतात, प्रत्येक टीमला असा एक माणूस लागतोच. तुमच्याकडे ती जागा रिकामी होती, म्हणून तुम्ही घेतलं. थँक यू म्हणतायत."

तेवढ्यात पिवळा शर्ट घातलेली मृणाल बाजूने गेली. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो. मागच्याच वर्षी सांगितलं त्यांनी मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" ती म्हणाली आणि गेली.

दुसरा गोलकीपर आणणार कुठून? ओकादा-सान म्हणाले, संघाची अडचण होत असेल तर मी उभा राहतो. राहिलेही. पहिला गोल झाला तेव्हा त्यांनी गोल मारणाऱ्याला वाकून नमस्कार केला. दुसऱ्या गोललाही केला. आमच्या पोस्टडॉकने जिवाच्या आकांताने दोन गोल फेडले आणि शेवटची पाच मिनिटं उरली असताना बरोबरी होती. आणि मग उजवीकडून मृणाल सुटली.

'पळतही नाही' म्हणे! आमच्या दोघांना तिने मागे टाकलं. तिसरा मी. मी पाय घातला आणि तो पाय मला परत मिळेपर्यंत ती पुढे निघून गेली होती. समोर फक्त ओकादा-सान. आणि ओकादा-सान नेमके वाकून बाटलीचं झाकण उचलत होते.

गोल सताड उघडा. मृणाल थांबली! चेंडूवर पाय ठेवून उभी राहिली. ओकादा-साननी झाकण पिशवीत टाकलं, सावकाश कंबर सरळ केली, तिच्याकडे पाहून मान झुकवली. तिनेही झुकवली. आणि मग चेंडू त्यांच्या डावीकडून जाळीत! काठावरून सगळ्यात मोठी आरोळी सासूबाईंची होती. त्यांच्या मागोमाग, माझा इलाज नव्हता, मीही टाळ्या वाजवल्या. मैदानावर आडवा पडून.

तीन-दोन. इथे कुठलाही कार्यक्रम संपला, की चुकलं कुठे ते सगळ्यांसमोर बोलायचं, ही रीत आहे. ओकादा-साननी दोन्ही संघांना गवतावर रिंगण करून बसवलं. पहिलं कुणी बोलायचं? हरलेल्या कॅप्टनने.

मी उभा राहिलो. "बचाव कमी पडला," वगैरे सुरुवात केली. पण समोर मृणाल बसली होती, केस विस्कटलेले, गुडघ्याला चिखल, आणि इतकी छान दिसत होती, की मला पुढचं खोटं बोलवेना. "चूक ड्राफ्टमध्ये झाली," मी म्हणालो. "पहिल्या फेरीत पहिलं नाव मृणालचं घ्यायला हवं होतं. ती चांगली खेळते म्हणून नव्हे, ते मला आज कळलं. ती माझ्या मागे बसली होती म्हणून. घरचं माणूस आहे, कुठे जातंय, असं मी धरून चाललो. माफ कर."

कुणीतरी टाळी वाजवली. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मृणाल पंधरा दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसली. "बस खाली. गुडघा फुटलाय तुझा," ती म्हणाली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. झोंबलं, पण काय बरं वाटलं!

तिथल्या तिथे मंडळाने पुढच्या वर्षाचा कॅप्टन ठरवून टाकला. एकमताने मृणाल. मी लगेच तिच्या शेजारी सरकलो.

"मग, मला कितव्या फेरीत घेशील?"

मृणालने चेहरा एकदम गंभीर केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, अदबीने मान लववली आणि अस्सल ऑफिसातल्या जपानीत म्हणाली, "विचार करून कळवू."

मी जपानी कंपन्यांबरोबर अकरा वर्षं काम करतोय. 'विचार करून कळवू' म्हटल्यावर पुढे कुणी कळवल्याचं मला तरी आठवत नाही.