मी न वाचलेलं पान

"मग, तुम्ही काय करता?" एवढं विचारून तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचा. समोरचा बोलेपर्यंत हलायचा नाही. चहा गार झाला तरी गप्प. घाई करायची नाही, सुचवायचं नाही, नुसतं तोंडाकडे बघायचं.

तो माझ्या वरच्या खोलीतला भाडेकरू. परभणीकडचा, तिशीच्या आतला. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचा. डांगे चौकातून कंपनीची बस धरायचा. थेरगावात खोल्या भाड्यानं देणाऱ्या आमच्यासारख्यांनी अशी पोरं पुष्कळ पाहिलीत, तुम्हीही पाहिली असतील. दोरीवर दोन शर्ट, दाराशी बुटांचा एक जोड, उशाशी मोबाईलचा चार्जर. हाही तसाच. फक्त दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, सकाळी दहा वाजता त्याच्या खोलीत माणसं जमायची आणि आरडाओरडा सुरू व्हायचा.

मी एकदा भांडायलाच वर गेले. तिघं सतरंजीवर बसले होते. मध्ये कागद, पेन्सिली आणि वीस तोंडांचा एक निळा फासा.

"माझ्या घरात जुगार चालायचा न्हाई," मी म्हटलं.

"जुगार नाही मावशी, गोष्ट आहे," तो म्हणाला. "आमचा एक गडी नोकरी सोडून गावी गेलाय. बसा की त्याच्या जागी."

खेळ असा होता. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तो सांगणार, समोर नदी आहे, पूल तुटलाय. मग विचारणार, तुम्ही काय करता. आपण म्हणू ते आपलं माणूस करायला जाणार आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. खेळ परदेशातला, पण यानं त्यात सगळं आपल्याकडचं घातलं होतं. खिंडी, बारव, मेंढरं, ओसाड किल्ला. बाकीचे त्याला मास्टर म्हणायचे.

"तुम्हाला कोण व्हायचंय?" त्यानं विचारलं.

"तरणी कर मला. गुडघे न दुखणारी. भिंतीवर चढणारी."

"नाव?"

तोंडातून 'सगुणा' निघालं. ते माझं माहेरचं नाव. लग्नात बदललं. आई गेल्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. त्यानं काही न विचारता ते कागदावर लिहिलं आणि म्हणाला, "सगुणा, समोर नदी आहे. तुम्ही काय करता?"

मला जन्मभर लोकांनी काय कर ते सांगितलं. बापानं, सासूनं, नवऱ्यानं, आता सून सांगते. काय करतेस असं विचारून उत्तराची वाट बघत बसलेला हा पहिलाच माणूस. मी पोहत नदी पार केली. गुरुवारी दत्ताच्या देवळात जायची, ते बुधवारी उरकू लागले.

बाकीच्या दोघांपैकी किशोर कुरुळीचा, त्याच कंपनीतला. मास्टरला नोकरी त्यानंच लावून दिली होती. बसमध्ये दोघं एका बाकावर, डबा एकत्र. खेळात किशोर लढवय्या होता आणि जीभ तलवारीपेक्षा लांब. प्रज्ञा सांगवीची, दवाखान्यात रक्त तपासायची. खेळात ती वैद्य.

किशोर आणि मास्टर यांची भांडणं ऐकण्यासारखी असायची. एकदा वाट विचारायला थांबलेल्या मेंढपाळाला किशोरनं उगाच मारून टाकलं. का, तर कंटाळा आला म्हणून. पुढच्या गुरुवारी त्या मेंढपाळाची मुलगी वेशीवर उभी. "माझा बाप पाहिला का?" असं मास्टर तिच्या आवाजात विचारत राहिला. किशोरचं तोंड उतरलं.

"राव, खेळ आहे का कोर्ट?"

"केलं ते केलं," मास्टर म्हणाला. हे त्याचं दुसरं पालुपद.

"तू आम्हाला हरवायलाच बसतोस."

"कंपनीत मी दिवसभर माल नापास करतो, किशोर. इथं मला कुणाला नापास करायचं नाही. पण तू मारलंस तर तो मेला पाहिजे ना?"

"एक दिवस तुझी वहीच उडवतो बघ!"

सगळे हसले. मीही हसले. त्याची एक लाल पुठ्ठ्याची वही होती. पुढं काय घडायचं ते सगळं तो तिच्यात लिहून ठेवायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. प्रत्येकासाठी त्यात एक पान असतं, असं प्रज्ञा म्हणायची. तिच्या पानावर तिला एक औषधी बाग मिळाली होती. किशोरला लहानपणी घोडा हवा होता, तर त्याच्या पानातून पांढरा घोडा निघाला. किशोर त्या दिवशी भांडला नाही. "माझं पान कधी?" मी विचारलं. "येईल की," तो म्हणाला आणि दुसऱ्या गुरुवारी माझ्या गुडघ्यांसाठी खुर्ची आणून ठेवली.

मग एका गुरुवारी आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलो. वही मिटताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी आत. सगळे परत येतीलच असं नाही."

एवढ्यावर माझं डोकं फिरलं. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. सुनेनं विचारलं, बीपी वाढलंय का. तिला काय सांगणार, की सगुणा मरेल म्हणून मला भीती वाटते? सत्तरी ओलांडलेली बाई मी. दोन दीर, नवरा, एक मुलगा पोचवलेला. आणि कागदावरच्या पोरीसाठी माझा जीव खालीवर होत होता.

इथून पुढचं लिहायची मला लाज वाटते. पण लिहायला बसले आहे तर नीट लिहिते.

सोमवारी तो कामावर गेल्यावर मी दुसरी किल्ली घेतली आणि त्याची खोली उघडली. भाडेकरूच्या मागं त्याच्या खोलीत पाऊल टाकत नाही, असं मी गल्लीभर सांगत आले होते. वही उशाखाली होती. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते, त्यामुळे एका पानाला वेळ लागला. किल्ल्याच्या दारावर एक म्हातारा पहारेकरी आहे. तो पाणी देतो, पाण्यात गुंगी आहे. जो पिईल तो पकडला जाईल. मोरीतून गेलं तर कुणाला कळत नाही. एवढं वाचलं आणि जिन्यात कुणाचं तरी पाऊल वाजलं. मी वही ठेवली आणि बाहेर आले. जिन्यात दूधवाला होता.

गुरुवारी मास्टरनं म्हाताऱ्याचा आवाज काढला. "लांबून आलात बाई. पाणी घ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सगुणा, तुम्ही काय करता?"

मला थांबता आलं नाही. "सगुणा पाणी पीत न्हाई," मी म्हटलं. "त्या थेरड्याला बांधा. तो त्यांचाच माणूस हाय. आन आपण दारातून न्हाई जायचं, मोरीतून जायचं."

"मावशी, जबरदस्त!" किशोर ओरडला.

मास्टर हसला नाही. मोरी आहे हे त्यानं अजून सांगितलंच नव्हतं. ते माझ्या तोंडून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. त्यानं वही मिटली, हात मांडीखालून काढले आणि किशोरकडे पाहिलं.

"काल वहीसकट माझी बॅग तुझ्याकडे होती."

"मग?"

"वही वाचलीस आणि मावशींना सांगितलंस. मला हरवायचं होतं ना तुला?"

"आईशप्पथ नाही, भावा! बॅगेची चेनसुद्धा उघडली नाही मी."

"वही उडवतो म्हणाला होतास."

"अरे, ते बोलायला!" किशोर माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही सांगा ना याला. मी काही सांगितलं का तुम्हाला?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. एक शब्द पुरे होता. मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "तुमच्या भांडणात मला ओढू नका. तुमचं तुम्ही बघा."

किशोर उठला. चपला घालायलाही थांबला नाही, हातात घेऊन गेला. प्रज्ञा रडत होती. मी खाली येऊन भाजी निवडायला बसले.

त्यानंतर गुरुवार झाले नाहीत. बसमध्ये मास्टर पुढं बसतो आणि किशोर शेवटच्या बाकावर, असं प्रज्ञानं एकदा रस्त्यात सांगितलं. त्यानंतर तीही दिसली नाही. मास्टर जिन्यात भेटला की विचारायचा, "मावशी, गुडघे कसे आहेत?" मी म्हणायचे, "बरे आहेत." रोज वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, गल्लीत कळेल, भाडेकरूंच्या खोल्या उघडते म्हणून. चोरीपेक्षा मला चोर म्हटलं जाण्याची भीती जास्त होती. सहा महिने मी त्या दोघांची मैत्री माझ्या नावासाठी जाळली. दुसरा शब्द मला सुचत नाही.

मग त्याला दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात पाठवलं. भर दुपारी टेम्पो आला. गादी, पंखा, दोन पेट्या. भाड्याचा हिशेब चुकता करून तो पाया पडायला वाकला आणि माझ्या तोंडून निघालं.

"वही मी वाचली होती. किशोरनं न्हाई."

तो वाकलेला तसाच राहिला. मग जिन्याच्या पायरीवर बसला. बराच वेळ टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"कुठपर्यंत वाचलंत?" त्यानं विचारलं.

"मोरीपर्यंत."

"पुढचं पान?"

"न्हाई."

"ते तुमचं होतं," तो म्हणाला. "सगुणा पकडली गेली असती तर आत कोठडीत तिला..." आणि थांबला.

"काय? तिला काय?"

त्यानं मान हलवली. "ते सांगायचं नसतं, मावशी. खेळायचं असतं."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. उठताना एवढंच म्हणाला, "मला सांगून काय उपयोग. किशोरला सांगा." पाया न पडता टेम्पोत बसला. त्याचं बरोबर होतं.

पुढच्या गुरुवारी मी पत्ता विचारत कुरुळीला गेले. किशोरची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही. त्यानं दार उघडलं, बसा म्हणाला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"सहा महिने, मावशी," तो म्हणाला. "माझ्या बायकोलासुद्धा वाटत होतं की मीच वाचली असेल."

मी माफी मागितली. बायकोनं आतून चहा आणला, तो त्यानं माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"त्याला फोन कर," मी म्हटलं.

"तुम्ही करा. मी नाही करणार."

मी केला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. "बोला," एवढंच म्हणाला. मी फोन किशोरपुढं धरला. किशोरनं तो हिसकावून घेतला आणि पाठ करून खिडकीशी गेला.

मी तिथं थांबले नाही. फोन त्याच्याकडेच ठेवून, चहा अर्धा टाकून भिंतीला धरून जिना उतरू लागले. वरून किशोरचा आवाज चढलेला आला. भांडत होता की हसत होता कोण जाणे. गुडघे दुखत होते तरी मी पाय उचलले, आणि शब्द कानावर पडायच्या आत रस्त्यावर आले.