बंद दिसणारी लेथ

भोईरांचा हात चकपासून चार बोटांवर होता, तेव्हा मी त्यांचं कोपर धरून मागे खेचलं. ते वैतागले. इतक्या वर्षांचा जुना ऑपरेटर, रोज बदलापूरजवळच्या गावातून अंबरनाथच्या एमआयडीसीत येणारा. त्यांना असं कुणी ओढलं नव्हतं.

“काय झाला मॅडम? बंद हाय ना ती.”

मी लेथकडे पाहिलं. बंदच दिसत होती. चक म्हणजे लेथचा गोल पंजा. चार जबड्यांत लोखंडाचा तुकडा घट्ट धरून तो गरागरा फिरवतो. या कारखान्याचं मेंटेनन्स मी बघते, तरी मलाही ते चारही जबडे जागच्या जागी दिसत होते. पण मशीनचा दांडा ‘चालू’वर होता. तो लांबून दिसला म्हणूनच मी धावले होते.

भोईर शेजारशेजारच्या दोन लेथ सांभाळतात. त्यांनी उजवीकडची बंद केली, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, आणि वळून ते डावीकडच्या लेथवर आले. शेडमध्ये एवढ्या मशीन एकदम बोंबलतात, की आपली कुठली हे कानाला कळत नाही.

मी दांडा पाडला. स्थिर दिसणारा चक आधी सावकाश उलटा फिरल्यासारखा दिसला, मग भराभर सुलटा, आणि मग खरोखर थांबला. भोईर स्टुलावर बसले आणि मांडीवर ठेवलेल्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

मान वर केली आणि कारण दिसलं. त्याच आठवड्यात पिवळे बल्ब काढून सगळीकडे एलईडी लावले होते. विजेची बचत मलाही हवीच होती. पण ऑफिसने सगळ्यात स्वस्त माल उचलला होता. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. जुन्या बल्बची तार तापलेल्या तव्यासारखी असते. गॅस क्षणभर बारीक केला म्हणून तवा गार होत नाही, तसा तिचा उजेड टिकून राहतो. स्वस्त एलईडी मात्र तेवढ्या वेळातही विझतो. डोळ्याला लुकलुक कळत नाही. पण ठराविक स्पीडला दोन लुकलुकींच्या मध्ये चक बरोबर पाव फेरा फिरतो. एक जबडा दुसऱ्याच्या जागी येतो, आणि चक हललाच नाही असं वाटतं. त्यात छपराच्या काचांवर पावसाळ्याची ताडपत्री. बाहेरचा उजेड आत येतच नव्हता.

मी शेडमधल्या सगळ्या लेथ थांबवल्या आणि केबिनमध्ये गेले. आमचे शेठ उल्हासनगर कॅम्प १चे. माणूस वाईट नाही, पण त्या संध्याकाळी कंटेनर भरायचा होता.

“मॅडम, लाइटने कुणाचा हात जातो काय?”

“आज जाणार होता.”

“भोईरचा ध्यान नसेल. माल आज निकलला नाही तर पार्टी हातची जाईल. उद्या बघू ना.”

“उद्यापर्यंत मी कुणाला लेथवर उभं करणार नाही. तुम्हाला करायचं असेल तर तसं लिहून द्या.”

शेठ चिडून उठले. “चला, दाखवा.”

शेठ शेडमध्ये येण्याआधी मी पुढे जाऊन भोईरांची डावी लेथ त्याच स्पीडला चालू केली, उजवी बंद ठेवली. आवाज राहावा म्हणून कोपऱ्यातला कॉम्प्रेसर लावला. शेठना विचारलं, “यातली बंद कुठली?”

“दोन्ही बंद आहेत. हात लावून दाखवू?” म्हणत ते डाव्या लेथकडे सरकलेसुद्धा. मी पुढे होण्याआधीच भोईर शेठ आणि लेथ यांच्या मध्ये आडवे उभे राहिले.

“नको शेठ.”

मी पुठ्ठ्याची लांब सुरळी केली आणि लांबूनच चकला टेकवली. फाडकन आवाज झाला. पुठ्ठ्याचे तुकडे शेठच्या शर्टावर उडाले. शेठनी पुढे केलेला हात गुपचूप पँटच्या खिशात घातला.

मग म्हणाले, “जुने बल्ब फेकले काय?”

फेकले नव्हते. भंगारवाला यायचा होता. पोत्यातून चांगले बल्ब निवडून आम्ही प्रत्येक लेथवर परत लावले आणि मगच मशीन सुरू केल्या. कंटेनर दुसऱ्या दिवशी गेला. पार्टी कुरकुरली, पण गेली नाही. पुढे चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी आणले. ड्रायव्हर म्हणजे दिव्याला एकसारखी वीज पुरवणारा भाग. आता नवा दिवा आला की मी आधी मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरते. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा ऑफिसच्या पॅसेजमध्ये जातो, मशीनवर नाही.

दिवे बदलताना आम्ही फक्त विजेचे युनिट मोजले होते. त्या उजेडात कुणाचे हात कुठे जातात, हे कुणीच विचारलं नव्हतं. भोईर आता मेन स्विच पाडल्याशिवाय चकजवळ हात नेत नाहीत. दिव्यांची भीती काढून टाका, असं शेठ त्यांना दोनदा म्हणाले. मी मात्र ती काढायला गेलेले नाही.