देवलालची करंगळी

माझी पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाच्या पोस्टवर झाली, तेव्हा माझ्याबरोबर शिलाई मशीनही वर चढलं. मशीनचं डोकं एका पोर्टरच्या पाठीवर, पाय दुसऱ्याच्या. माझा ट्रेड इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर. म्हणजे पलटणीचा शिंपी आणि मोची, दोन्ही मीच. सुट्टीवर रायपूरला आलो की पुरानी बस्तीतले मराठी शेजारी विचारायचे, "काहून बे, तिकडे गोळी चालवून राहिला का सुई?" मी म्हणायचो, "सुई. गोळी चालवणाऱ्याचे हात शाबूत राहाले पाहिजेत न." मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. आजही वाटत नाही.

पोस्टवर पहाटे स्टँड-टू, हत्यार घेऊन सज्ज उभं राहायचं. मग बर्फ उपसायचं, केरोसीनचे जेरीकॅन ओढायचे, दोर बांधायचे. या कामात हातमोज्यांचे तळवे पार झिजायचे. नवे यायचे हेलिकॉप्टरने, आणि हेलिकॉप्टर यायचं हवामानाच्या मर्जीने. म्हणून आम्ही वरून घालायचे हातमोजे तिथेच बनवायला घेतले. रसद टाकणाऱ्या पॅराशूटचं कापड आणि तळव्याला जुन्या बुटांचं चामडं. टाकाऊ म्हणून काही राहिलंच नाही. सुभेदार साहेबांचा नियम एकच होता: जो शिवेल, तो आधी घालेल. नवा जोड तयार झाला की मी मशीन सोडून दोरावर जायचो.

फर्म्यासाठी, म्हणजे कापायच्या साच्यासाठी, हात घेतला लान्स नाईक देवलाल साहूचा. रायपूरजवळच्या खेड्यातला गडी, तळहात सुपाएवढे. रेशनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने पंजा ठेवला आणि मी पेन्सिल फिरवली. त्याची करंगळी कबड्डीत मोडून आत वळलेली होती. तो म्हणाला, "अंगरी टेढ़ा हे, तैं सोझ काट." सरळ काप म्हणत होता. मी म्हटलं, आहे तशी राहू दे, थंडीत कोण पुन्हा पेन्सिल धरतो. माझा आळसच होता तो. पण घातल्यावर कळलं की फावड्याच्या दांड्यावर ती वळलेली करंगळी सगळ्यांचीच नीट बसते. फर्मा तसाच राहिला. देवलाल मग ऐटीत सांगायचा की पोस्टवरचे सगळे त्याचाच हात घालून फिरतात.

एका सकाळी सव्वासहाला वरून बर्फ सुटलं. मी किचनच्या टेंटमध्ये होतो. आवाज थांबला तेव्हा आमच्या पोस्टचं, म्हणजे अल्फाचं, खालच्या तळाशी रेडिओवर बोलणं सुरू होतं.

"ब्राव्हो, यहाँ अल्फा. दूसरा टेंट नहीं दिख रहा. ओव्हर."

"अल्फा, अंदर कितने? ओव्हर."

"दो जवान. ड्यूटी पर निकल रहे थे. ओव्हर."

"खोदो. आउट."

आधी फावड्याने खणलं. टेंटचं कापड लागल्यावर सुभेदार साहेब म्हणाले, "फावडे बंद. हाथ से." आम्ही सगळे हातांनी उकरत होतो. चामड्याचे तळवे टिकले. पहिला शिपाई जिवंत निघाला. त्याला बाहेर ओढताना आमच्यापैकी कुणाचीही पकड सुटली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

देवलाल नंतर सापडला. आधी त्याचा हात दिसला. हातमोजा जागेवर होता, एकही टाका उसवला नव्हता. मी आधी टाके पाहिले, मग त्याचा चेहरा. शिंप्याची सवय. मग मात्र मी तिथेच बसून रडलो, आणि साहेबांनी मला रडू दिलं.

पेन्शनवर आलो तेव्हा छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर नवी राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे बांधकाम, त्याला सळई हवी, आणि भनपुरीच्या रोलिंग मिला दिवसरात्र चालू. कामगारांच्या हातावर मात्र चिंध्या गुंडाळलेल्या. मी भनपुरीतच एक शेड घेतली. ट्रकवाल्यांच्या जुन्या तिरपालीचे, म्हणजे ताडपत्रीचे, हमालांसाठी ॲप्रन. भट्टीपाशी तिरपाल चालत नाही, त्यावरचं मेण पेटतं. तिथे चामड्याचे हातमोजे, आत गोल बाजारातल्या शिंप्यांकडच्या सुती कातरणाचे थर. शिवायला आसपासच्या पाऱ्यांतल्या, म्हणजे मोहल्ल्यांतल्या, बायका आल्या. त्यांत देवलालची बायको सुखवती होती.

पहिल्याच दिवशी तिने टेबलावरचा, पोस्टवरून आणलेला पुठ्ठा पाहिला. मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने करंगळीच्या वळणावरून बोट फिरवलं. "ये तो ओकर हाथ आय, भैया," म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला बसली.

पहिली मोठी ऑर्डर एका रोलिंग मिलची होती. ती मिळाली नसती तर शेड बंद करावी लागली असती आणि बायका घरी गेल्या असत्या. सुखवतीला घेऊन मी नमुना दाखवायला मिलमध्ये गेलो. तिथले फोरमन वानखेडे मूळचे आपल्या विदर्भातले. नमुना उलटसुलट करून म्हणाले, "माल पक्का आहे, हवालदार साहेब. पण हे करंगळी वाकडी काहून? सरळ करून आणा, मंग पाहू."

खरं सांगतो, मी मान हलवायच्या बेतात होतो. सुखवती मागून म्हणाली, "फर्मा झन बदलबे, भैया." बदलू नको म्हणत होती. मग तिने तो जोड उचलून हातात चढवला. शिवला तिनेच होता, आणि सुभेदार साहेबांचा नियम मी शेडमध्येही लावला होता. तिने चिमटा घेतला आणि भट्टीतून निघालेल्या लाल सळईचा तुकडा उचलून बाजूच्या लोखंडी गाड्यावर नेऊन ठेवला. हातमोजा तिला मोठा होत होता, तरी चिमटा हलला नाही.

वानखेड्यांनी जोड मागून घेतला, स्वतः घातला, चिमटा दोनतीनदा दाबून पाहिला. "हे बोट तर बरोबर मुठीत येते," म्हणाले. "कोणाचा हात घेतला?"

"मोर घरवाला के," सुखवती म्हणाली.

मी म्हटलं, "लान्स नाईक देवलाल साहू. बर्फात गेला."

वानखेड्यांनी हातमोजा काढून तळव्यावरची शिवण तपासली. मग विचारलं, "तळवा फाटला तर बदलून देता न?"

"हव," सुखवती म्हणाली.

ऑर्डर मिळाली. पुठ्ठा आता पत्र्यावर उतरवला आहे, करंगळीसकट. फाटलेले जोड परत येतात, तळवा बदलून पुन्हा जातात. भट्टीपुढचे लोक देवलालला ओळखत नाहीत, पाळी सुरू झाली की घाईघाईने हातमोजे चढवतात. मी कधी मिलच्या गेटाशी उभा असलो की पाहतो. सगळ्यांची करंगळी आत वळलेली असते.