मास्तरांनी वाटलेला वाढदिवस

आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरजवळच्या एका खेड्यात दौलत मास्तर मराठी शाळेवर होते. रोज सकाळी ते फळ्यावर दिनविशेष लिहीत: आज कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे काय घडलं. ज्या दिवशी काहीच सापडत नसे, त्या दिवशी मास्तर उदास असत. जगाने एक दिवस वाया घालवला, असं त्यांना वाटे.

गावात मात्र स्वतःची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे. शाळेत नाव घालायला आलेली आई सांगे, "गाय व्याली, त्याच्या मागून झालं." इतर मास्तर अशा लेकरांना सरसकट एक जून देऊन मोकळे होत. दौलत मास्तर स्वतः एक जूनचेच होते. ती तारीख किती कोरडी लागते, ते त्यांना माहीत होतं. लेकराला दिवस द्यायचाच, तर मोठ्या माणसाचा द्यावा. आणि मास्तरांच्या लेखी सगळ्यांत मोठा दिवस एकच, बाबासाहेबांचा, चौदा एप्रिल. परिणामी निम्मं गाव त्याच दिवशी जन्मलं. गावातल्या पांडुरंगरावांची दोन्ही पोरं चौदा एप्रिलची झाली तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, आमच्या गोऱ्ह्याचीबी तीच लिहा. त्यानं काय पाप केलं?"

चौऱ्याऐंशी साली मास्तरांच्या बायकोचे, द्वारकाबाईंचे, दिवस एप्रिलातच भरत आले. चौदाच्या सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा मास्तरांना आनंद लपवता येईना. आदिलाबादच्या दवाखान्यात ते नर्सबाईंना सारखे विचारत राहिले, "आजच होईल ना?"

"बाळंतीण ती हाये का तुमी?" नर्सबाई म्हणाल्या.

सुजाता दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, निवांत आली. पंधरा एप्रिलला मास्तरांच्या फळ्यावर दर साली एकच ओळ असे: हिमनगाला धडकून मोठं जहाज बुडालं.

सुजाताला शाळेत घालायचा जून उजाडला. टेबलाच्या एका बाजूला पेन घेऊन मास्तर, दुसऱ्या बाजूला पोरीचा हात धरून द्वारकाबाई.

मास्तर हळूच म्हणाले, "एका दिवसानं काय बिघडते? साऱ्या गावाले दिली."

"त्यांच्या मायले आठवत नोतं म्हणून दिली. मले आठवते. चौदाचा अख्खा दिवस मी ओरडत होती अन् तुमी मिरवणुकीत जाऊन आले."

"लगेच तर आलो."

"आले. तोंडभर निळा गुलाल घेऊन. नर्सबाई भेली." मग द्वारकाबाईंचा आवाज खाली आला. "बाबासाहेब आपल्या दिवशी आले. माही पोरगी तिच्या दिवशी आली. तिले उसना दिवस कायले?"

मास्तरांनी रजिस्टर पुढे ओढलं. मग त्यांनी पंधरा लिहिलं.

मागे बयनाबाई आपल्या पोरीला घेऊन उभी होती. ती लगबगीने पुढे झाली. "म्हंजे चौदा शिल्लक हाये ना? माह्या पोरीले द्या."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "बयनाबाई, हे पोरगी झाली तवा कापूस वेचणं चालू होतं का?"

"सरत आलं होतं. काऊन?"

"थंडी?"

"होती ना."

"ज्वारी हुरड्यावर आली होती?"

"हुरडा तर मीच मांगला होता, सासूनं देला नाही," असं म्हणून बयनाबाई तिथेच खाली बसली. "आयका मास्तर, काय झालं तवा..."