फुलोरा संपला की छाटू

मधले हे त्यांचं आडनाव नव्हतं. मोठ्या रस्त्याच्या दोन बाजूंमध्ये जो मातीचा पट्टा असतो, त्या दुभाजकावर ज्या माळ्याची उभी हयात गेली, त्याला दुसरं काय म्हणणार? झाडांना पाणी घालायला येणाऱ्या टँकरवाल्यानं हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा "अहो मधले, सही करा" म्हणायला लागला. मधल्यांनी कधी तक्रार केली नाही. माणूसच तसा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. टँकरवाला म्हणायचा, "अध्यात नाहीत हे खरं, पण मध्यात मात्र जन्मभर!"

त्या पट्ट्यावर कण्हेर होती. दुभाजकावर कण्हेरच लावतात, त्याला कारण आहे. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत, पाणी मिळो न मिळो तिचं पान हिरवं ते हिरवंच, आणि तिचा चीक असा विषारी की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. दोन्ही बाजूंनी धूर, डोक्यावर ऊन, मुळाशी खडी, आणि ही आपली फुललेली. मधले म्हणायचे, कण्हेरीला माया लावायची गरज नाही, फक्त वेळेवर छाटायची. हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. त्यानंच दुसरंही शिकवलं होतं: फुलावर आलेल्या फांदीला कात्री लावायची नाही. फुलोरा ओसरू द्यायचा, मग छाटायचं. मधल्यांनी हे दोन्ही नियम जन्मभर पाळले. त्यातला दुसरा पाळला नसता तर, असं त्यांच्या मनात रोज यायचं.

त्यांचं घर रस्त्याच्या अलीकडे होतं, अगदी समोर. पादचारी पूल मात्र पार लांब, जिथे कुणालाच रस्ता ओलांडायचा नसतो अशा ठिकाणी बांधलेला. ज्यानं तो तिथे बांधला तो गाडीतून फिरणारा असणार, दुसरं काय. घरासमोर दुभाजकावर पाण्याचा व्हॉल्व्ह होता. तिथे हात घालायला जागा हवी म्हणून माणूसभर रुंदीची फट सोडलेली होती. मधल्यांची बायको दुपारी डबा घेऊन त्याच फटीशी यायची. दोघं झुडपाच्या सावलीत पोतं अंथरून जेवायची. डब्याच्या पिशवीत ती कागदात गुंडाळून साबणाची वडी आणायची. "आधी हात दाखवा," म्हणायची. "तुमच्या लाडकीचा चीक पोटात गेला म्हणजे मला मोकळं करून जाल." मधले व्हॉल्व्हवर हात धुवायचे, ती बोटांच्या बेचक्या तपासायची, आणि मग डब्याचं झाकण उघडायचं.

फटीशेजारची कण्हेर तिनंच लावलेली. कुणाच्या तरी कुंपणावरून दुहेरी पाकळ्यांची, गडद गुलाबी अशी फांदी मागून आणली होती, बुडाला ओलं फडकं गुंडाळून. फटीजवळची झुडपं कमरेएवढीच ठेवायची असा मुकादमाचा हुकूम होता, म्हणजे पाऊल टाकणाऱ्याला गाडी दिसते आणि गाडीवाल्याला माणूस. मधले डोळ्यांत तेल घालून तेवढी उंची राखायचे.

एका वर्षी ती कण्हेर अशी फुलली की पान दिसेना. मधल्यांनी कात्री काढली तर बायको म्हणाली, "अहो, राहू दे ना. एवढी भरली आहे. फुलोरा संपला की छाटा."

उस्तादाचा नियम आणि बायकोचा शब्द, दोन्ही एकाच बाजूला. मधल्यांनी कात्री म्यान केली. मुकादम दोनदा बोलला, दोन्ही वेळा ते "फुलोरा संपला की छाटू" म्हणाले. झुडूप डोक्याच्या वर गेलं. मग एका दुपारी जेवण झालं, तिनं रिकामा डबा पिशवीत टाकला, डोक्याचा निळा रुमाल घट्ट बांधला आणि घराकडच्या रस्त्यावर पाऊल टाकलं. मधले पाठमोरे होऊन पोतं झटकत होते. त्यांनी फक्त आवाज ऐकला.

ट्रकवाला रडत होता. "झुडपातनं एकदम आली हो, दिसलीच नाही," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. लोकांनी त्याला दोष दिला, रस्त्याला दिला, नशिबाला दिला. मधल्यांना कुणीच काही म्हणालं नाही. कुणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्या झुडपाला त्यांनी हात लावला नाही. मुकादमसुद्धा त्या बाजूला आला की दुसरीकडे पाहायचा. फुलोरा संपला की छाटू, हा शब्द मधल्यांनी मोडला नव्हता. पण कण्हेर पूर्ण कधी ओसरतच नाही, ऐन थंडीतही कुठल्यातरी टोकाला एक झुपका असतोच, हे इतकी वर्षं माळीकाम केलेल्या माणसाला ठाऊक नसेल का? ठाऊक होतं. तो झुपका शोधूनच ते दर वर्षी कात्री परत ठेवायचे.

खरं कारण वेगळं होतं. ती यायची.

दुपारी गाड्या जरा विरळ झाल्या की झुडपापलीकडे, फटीत, डब्याचं झाकण वाजायचं. पानांच्या जाळीतून काहीतरी निळं दिसायचं, माणसाच्या उंचीवर. एकदा मधले धावत वळसा घालून गेले, तर तिथे व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण होतं आणि गळालेली फुलं. त्या दिवशी पुन्हा काही वाजलं नाही, पुढे बरेच दिवस नाही. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. उठायचं नाही, निरखून पाहायचं नाही. हात साबणानं धुवायचे, पोत्यावर बसायचं, पाठ झुडपाकडे करून डबा खायचा आणि अधूनमधून एखादी घरातली गोष्ट सांगायची. भीती वाटायची का? वाटायची. पण ती आली नाही तर जी भीती वाटायची ती याहून मोठी होती.

मग मुलीला रस्त्यापलीकडच्या खोक्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. "पुलावरूनच जायचं," मधल्यांनी बजावलं. मुलगी "हो बाबा" म्हणाली. मुलींचं "हो बाबा" म्हणजे काय हे सगळ्या बापांना माहीत असतं, तरी सगळे बाप त्यावर निजतात. मधले मात्र निजले नाहीत. त्यांनी ती फट बुजवायचं ठरवलं. व्हॉल्व्हपुरती वीतभर जागा सोडून कण्हेरीच्या चार फांद्या खोचल्या. कण्हेर काय, काठी रोवली तरी फुटते.

दुसऱ्या दिवशी फांद्या उपटलेल्या होत्या. नुसत्या उपटून फेकलेल्या नव्हत्या. झुडपाच्या बुडाशी सावलीत नीट निजवलेल्या, आणि चारही फांद्यांच्या बुडांना ओलं फडकं गुंडाळलेलं.

फांदी अशी गुंडाळणारी बाई मधल्यांनी आयुष्यात एकच पाहिली होती. त्यांनी फांद्या पुन्हा रोवल्या. पुन्हा तेच, तसंच ओलं फडकं. टँकरवाल्याला सांगितलं तर तो आधी हसला, मग मधल्यांचा चेहरा बघून म्हणाला, "सोडा ना मधले. तिला वाट हवी असेल."

मधल्यांनाही तेच वाटत होतं. त्यांनी फट तशीच ठेवली. मुलगी काय, पुलावरून जातेच आहे, असं स्वतःला सांगितलं.

एका दुपारी ते नेहमीसारखे हात धुऊन पोत्यावर बसले. डबा उघडला. मागे झुडपापलीकडे पाऊल वाजलं, डब्यात चमचा खुळखुळला. मधल्यांनी मान वळवली नाही, फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पानांत निळा रुमाल. आज किती स्पष्ट, त्यांना वाटलं. आज अगदी जवळ आली. "बस," ते हळूच म्हणाले, "घाई काय आहे?" आणि घास उचलला.

निळं पुढे सरकलं. कर्कश हॉर्न वाजला, टायर किंचाळले, जळक्या रबराचा वास आला. मधले तरीही बसून राहिले, कारण तो आवाज त्यांनी मनात इतक्या वेळा ऐकला होता की तो खरा आहे हे कळायला वेळ लागला. मग "आई गं!" अशी हाक आली, आणि ती हाक बायकोची नव्हती.

मुलगी फटीत बसली होती, पाय पोटाशी घेऊन. बस हातभर अंतरावर थांबली होती. ड्रायव्हर खिडकीतून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मधल्यांना त्याचे पाय धरावेसे वाटले. मग बस गेली.

"आज अर्धी सुट्टी दिली," मुलगी शेवटी म्हणाली. "घरी निघाले होते."

"पुलावरून जातेस ना तू?"

"पुलाला अर्धा तास जादा लागतो, बाबा. उशीर झाला की फाटक लावून घेतात."

"आणि या फांद्या?"

तिनं मान खाली घातली. "मीच काढल्या. मरू नयेत म्हणून फडकं बांधलं. आईनंच शिकवलं होतं."

मधल्यांनी तिच्या डोक्याकडे बोट केलं. "आणि हा?"

"आईचाच. दोन होते ना तिच्याकडे."

"रोज येतेस का दुपारी इथे? खरं सांग. झाकण वाजवतेस?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "दुपारी आजच पहिल्यांदा आले, बाबा. सकाळ-संध्याकाळ जाते तेव्हा तुम्ही इथे नसता." मग ती रडायलाच लागली. "बंद नका करू ही वाट. बंद केलीत तर मी वळणावरून जाईन. तिथे तर याहूनही कमी दिसतं."

हे ती धमकी म्हणून बोलत नव्हती. तिला कामाला जायचं होतं, एवढंच. मधले फटीत, मुलगी जिथून निघाली होती तिथे जाऊन उभे राहिले आणि रस्त्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत इथून त्यांनी पाहिलंच नव्हतं. डावीकडे फुलं होती. फुलांशिवाय काही नव्हतं. गाड्यांचा नुसता आवाज येत होता. हेच बायकोनं पाहिलं होतं, शेवटचं.

त्यांनी कात्री काढली. झुडूप ऐन भरात होतं, झुपक्यावर झुपका. पहिल्या फांदीलाच कात्री हातातून सुटली. "बाबा, मी करू?" मुलगी म्हणाली. ते नाही म्हणाले. मग थांबले नाहीत. जाड फांद्या कोयत्यानं तोडल्या. चीक मनगटांवरून ओघळला, फुलं रस्त्यावर पडली आणि चाकांखाली गेली. झुडूप कमरेएवढं झालं तेव्हा घामानं त्यांना समोरचं धूसर दिसत होतं. दूरवरून येणारी गाडी मात्र दिसत होती.

"हात," मुलगी म्हणाली. तिनं पोत्यावरची साबणाची वडी उचलून पुढे केली. मधल्यांनी हात धुतले. तिनं बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग ती कडेला गेली, डावीकडे पाहिलं, एक टेम्पो जाऊ दिला आणि रस्ता ओलांडला. घराच्या बाजूला पोचून तिनं हात केला. मधल्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पोतं अंथरलं. सावली उरली नव्हती. बराच वेळ ते पाठ करून बसून राहिले, घरातली एक गोष्टही सांगून पाहिली. झाकण वाजलं नाही. वळून पाहायची भीती नव्हती, कारण मागे लपायला काही राहिलंच नव्हतं. डबा तसाच बंद करून ते कामाला लागले.

कण्हेर मरत नाही. पावसाशिवायही बुडातून कोंब आले, भराभर वाढले, आणि एका कोंबाच्या टोकाला कळ्यांचा झुपका धरला, गडद गुलाबी, दुहेरी पाकळ्यांचा. मधले कात्री घेऊन गेले आणि थबकले. कानाशी अगदी स्पष्ट आवाज आला. अहो, राहू दे ना.

"नाही गं," मधले मोठ्यानं म्हणाले, आणि कळ्यांसकट फांदी छाटली.