लघवी झाल्याचे पेढे

डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून दोनदा चार-चार तास खाटेला खिळलेला असतो. हात मशीनला जोडलेला, कूस बदलायची सोय नाही, मग तोंड तेवढं चालतं. त्यामुळे किस्से साचतात. नव्वदच्या दशकात ठाण्यात खोपटला आमचं तीन मशीनचं युनिट होतं आणि मी तिथे टेक्निशियन. घरी गेलो की बायको विचारायची, "आज काय झालं?" काही किस्से मी तिला अजून सांगितलेले नाहीत.

*

एक नंबरच्या खाटेवर हिराबाई कोळीण. तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी, मान कायम ठणकायची, त्यावर रोज दुखण्याच्या दोन गोळ्या. त्यातच किडन्या गेल्या. तरी कमरेच्या चंचीत पानाऐवजी गोळ्याच! शेजाऱ्याला पान द्यावं तशी गोळी पुढे करायची.

मी ओरडलो तर म्हणाली, "किडनी तं गेली रं पोरा. आता गोली आनखी काय नेनार?"

अख्खं युनिट हसलं. मीसुद्धा.

*

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्षानुवर्षं या गोळ्या खाणाऱ्यांना लघवीच्या मार्गात कॅन्सर झालेला मी पाहिलाय. इतरांना लघवीत रक्त दिसतं, ते धावत येतात. तुमची लघवीच बंद. तुम्हाला कळणार कसं?"

 

*

दोन नंबरला डोंबिवलीचे जोशीसर, निवृत्त शिक्षक. गुडघ्यांसाठी गोळ्या खायची सवय जुनी, त्यामुळे हिराबाईची गोळी ते "फक्त आजच्या दिवस" म्हणत रोज घ्यायचे. चार वर्षांत त्यांना थेंबभर लघवी झाली नव्हती. एका मंगळवारी ते पेढेच घेऊन आले.

"झाली!"

किडनी पुन्हा जागी झाली, असंच सगळ्यांनी धरलं. पेढा बंद असलेल्यांनीही तुकडा तोडला. हिराबाईने सरांवरून बोटं मोडली.

सुई टोचता टोचता मी सहज विचारलं, "रंग कसा होता, सर?"

"लालसर. बीट खाल्लं असेल."

"बीट तुम्हाला बंद आहे ना, सर?"

"हो की," म्हणाले आणि हातातल्या पेढ्याकडे बघत राहिले. तो प्रश्न मी सुई काढताना विचारायला हवा होता. चार तास तरी आनंदात गेले असते.

*

सर पुढचे पाच महिने होते. ते गेल्यावर दोन नंबरला टिटवाळ्याचे एक गृहस्थ आले. पहिल्याच दिवशी हिराबाईने सवयीने शेजारच्या उशीवर गोळी ठेवली. त्यांनी न विचारता गिळून टाकली.

"कंबर धरली होती हो," म्हणाले.

हिराबाईचा चेहरा उतरला. तिने चंची सोडून माझ्या हातात दिली. "खाडीत टाक."

*

दिवाळीनंतर हिराबाई नवं लुगडं नेसून आली. वजनकाट्यावर उभी राहिली, खाटेवर बसली आणि पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.

टिटवाळेकरांना सरांची गोष्ट आम्ही सांगितलेली होती. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. डॉक्टरबाई दारातच थांबल्या.

"नातू झाला का गं, हिराबाई?" मी विचारलं.

तिने पुडा माझ्यासमोर धरला.

"आधी खा, पोरा. मंग सांगते."